वकीलबाईंच्या दाराची कडी

मित्रांनो, मी सांगणार आहे ती गोष्ट १९८३ सालची. त्या साली मी अकरा वर्षांची होते, अंगावर पितळेची झळाळी होती आणि एका दाराला मी आतून लावलेली होते. आता मी जुनी झाले आहे. तुम्ही मला हातात घेतलेत तर म्हणाल, ही कसली वीतभर वाकडी पट्टी! पण मी पट्टी नव्हे, कडी आहे. एके काळी मी खट्कन पडले, की माणसे मनातले बोलू लागत.

माझा जन्म एका ओताऱ्याच्या भट्टीपाशी झाला. गळके नळ, फुटके तपेले आणि एका बंद पडलेल्या घड्याळाची चाके वितळवून त्याने माझा रस केला. म्हणजे माझ्या अंगात निदान तीन घराण्यांचे रक्त आहे. रेतीच्या साच्यातून निघाले तेव्हा मी काळी आणि खरबरीत होते. त्याच्या म्हाताऱ्या आईने कानशीने घासून घासून मला सोनेरी केले. त्याच दिवशी माझ्याबरोबर एक कोयंडा तयार झाला. कोयंडा म्हणजे चौकटीत ठोकलेले ते कडे, ज्यात कडी अडकते. आमची जोडी तेव्हापासूनची. मी बडबडी आणि तो घुम्या. दिवसाकाठी एखादे वाक्य बोलला तरी खूप.

एका सुताराने आम्हा दोघांना विकत घेतले आणि वकीलबाईंच्या कचेरीत नेले. खाली सायकलदुरुस्तीचे दुकान, शेजारून अरुंद लाकडी जिना आणि वर दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत तिघांना पुरेल असा बाक होता. आतल्या खोलीत टेबल, पाच खुर्च्या, कागदपत्रांचे लोखंडी कपाट आणि कुरकुरणारा पंखा. दोन खोल्यांच्या मधल्या दारावर सुताराने मला बसवले. बसवताना त्याने विचारले, "बाई, चोर येतात का हो इथे?"

"चोर नाही, नातेवाईक येतात," वकीलबाई म्हणाल्या.

मग त्यांनी कोणाचेही नाव न घेता त्याला एक हकीकत सांगितली. वकीलबाई मृत्युपत्रे लिहून देत. आपण गेल्यावर आपले घरदार कोणाला मिळावे, हे माणूस जिवंतपणी लिहून ठेवतो, त्या कागदाला मृत्युपत्र म्हणतात. एक म्हाताऱ्या काकू पुतण्याबरोबर आल्या होत्या. वकीलबाई काकूंना विचारत आणि उत्तर पुतण्या देई. "काकूंचं तसंच म्हणणं आहे." कागद तयार झाला. पुतण्या पाणी प्यायला बाहेर गेला, तेवढ्यात काकू हळूच म्हणाल्या, "ह्यावर सही केली की मला घरात राहू देतील ना?" वकीलबाईंनी तो कागद सही व्हायच्या आत फाडला, आणि दुसऱ्या दिवशी कडी आणायला सांगितली.

तेव्हापासून त्या कचेरीचा नियम झाला. ज्याचे मृत्युपत्र, त्याने एकट्याने आत यायचे. बाकीच्यांनी बाकावर बसायचे. वकीलबाई स्वतः मला लावत आणि स्वतः काढत. लोकांना हे जड जाई. जावई तर हटकून रुसत. "मी काय परका आहे का?" असे कोणी विचारले की वकीलबाई हसून म्हणत, "छे हो! तुम्ही फार जवळचे आहात, म्हणूनच बाहेर बसा."

आत त्या प्रत्येकाला तेच प्रश्न विचारत. आज वार कोणता? तुमचे म्हणून काय काय आहे? तुमची माणसे कोण? मग त्या मुद्दाम उलटेसुलटे विचारत. अमक्याला काहीच द्यायचे नाही का? तमक्याला सगळे द्यायचे का? माणूस स्वतःच्या मनाने बोलतो आहे की कोणी पढवून पाठवला आहे, हे त्यांना त्यातून कळे. मी किती गोष्टी ऐकल्या म्हणून सांगू! पण त्या खोलीतून शब्द फुटत नाही, अशी आमची गावभर ख्याती होती. दर शनिवारी वकीलबाई मला फडक्याने पुसत आणि शिलाई मशीनचे थेंबभर तेल घालत. माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस.

आणि मग ते साल उजाडले.

त्या जानेवारीत आमच्याकडे बाइंडरकाका आले. पुस्तके बांधण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. वय अठ्ठ्याहत्तर. बायको पूर्वीच गेलेली. एक घर होते, खाली बांधणीचे दुकान आणि वर दोन खोल्या. दुकान मुलगा चालवी, त्याला सगळे दादा म्हणत. वरच्या खोल्यांत दादा, वहिनी, त्यांची मुले आणि काका राहत. धाकटी मुलगी लग्न होऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला गेली होती आणि पोस्टात खिडकीवर बसत होती. घरात तिला चिमी म्हणत. बांधणीच्या कामात काकांच्या नखांत खळ अडकून वाळे. दर गुरुवारी चिमी बस बदलून येई, वडिलांचे हात कोमट पाण्यात भिजवी आणि नखे कापून देई. हे सगळे काकांनीच सांगितले, "तुमची माणसे कोण?" ह्या प्रश्नावर.

काकांना एकच खोड होती. ते ठार बहिरे होते आणि कानाचे यंत्र खिशात ठेवत. "उगाच सेल संपतात," म्हणत. बहिरी माणसे मोठ्याने बोलतात असा तुमचा समज असेल. काकांचे उलटे होते. ते इतके हळू बोलत की समोरच्याला पुढे वाकावे लागे. आणि त्यांच्याशी बोलणाऱ्याला मात्र घसा फोडावा लागे.

त्या दिवशी बाकावर दादा, वहिनी आणि चिमी अशी तिघे बसली होती. मी नेहमीसारखी लागलेली. वकीलबाईंचे नेहमीचे प्रश्न सुरू झाले, पण नेहमीच्या आवाजात नव्हे. त्यांच्या एकदाही लक्षात आले नाही की आज आपला आवाज दार ओलांडतो आहे. अकरा वर्षांची सवय! कडी लागली की त्या निर्धास्त होत.

"मुलीला काहीच द्यायचं नाही का?" त्या ओरडल्या.

काका पुढे वाकून म्हणाले, "असं कसं, बाई? खालचं दुकान त्याचं. वरच्या दोन खोल्या तिच्या."

हे काकांचे उत्तर मी तुम्हाला सांगते आहे, कारण पुढे त्यांनी ते स्वतःच उघड केले. त्या दिवशी मात्र ते फक्त आम्हालाच ऐकू आले. बाहेर गेला तो नुसता प्रश्न.

बाकावरून कोणीतरी ताडकन उठले.

"ऐकलंत ना, वहिनी?" हा चिमीचा आवाज. "झालं तुमच्या मनासारखं? आता झोपा पाय पसरून."

"अहो वन्सं, आम्ही काय शिकवून आणलंय का बाबांना?"

"शिकवायला कशाला लागतं? चोवीस तास जवळ राहिलं की पुरतं."

"चिमे, इथे तमाशा नको," दादा म्हणाले.

"नाहीच करत. गुरुवारी वाट बघू नका माझी."

जिना दणदणला. दादा आणि वहिनी तिच्या मागे धावले. आणि अगदी त्याच वेळी आत वकीलबाईंनी दुसरा उलटा प्रश्न विचारला, "आणि मुलाला काहीच द्यायचं नाही का?" तो ऐकायला बाकावर कोणीही नव्हते.

मी लाजेने काळवंडले. मी लागलेली असताना हे झाले! कोयंडा तेवढा एकदाच बोलला, "आपण दार धरतो गं. आवाज कुठे धरतो?"

काकांनी विचार करून महिन्याभराने सही करायला येतो म्हणून सांगितले आणि ते गेले. जिन्यात काय झाले ते त्यांना कळलेच नाही. ऐकू कुठे येत होते त्यांना! आणि वकीलबाईंना स्वतःच्याच ओरडण्यात बाहेरचे काही ऐकू आले नव्हते.

दोन महिने गेले. काका आले नाहीत. आली ती चिमी, एकटी. उभ्या उभ्याच म्हणाली, "मला कागद नको, नक्कल नको. एक शब्द सांगा. मला वगळलंय, हो की नाही? तेवढं ऐकते आणि जाते."

वकीलबाईंनी तिला बसवले, मला लावले. त्यांना आत्ता कुठे कळले की त्या दिवशी काय झाले होते. त्यांचा चेहरा उतरला.

"माझा आवाज बाहेर गेला, ही माझी चूक. मी तुमची माफी मागते. पण तो शब्द माझा नाही, तुमच्या बाबांचा आहे. त्यांना विचारा."

"त्यांना विचारायचं म्हणजे सगळ्या आळीला विचारायचं. तुम्हाला जमतं तसलं, मला नाही जमत."

"तुमचा टोमणा मला कबूल आहे."

"तुम्ही बाई आहात. तुम्हाला तरी कळायला हवं होतं."

"कळतंय. तरीही नाही सांगता येणार."

मित्रांनो, "नाही" हा एकच शब्द पुरे होता. चिमी हसत घरी गेली असती, आणि तिथूनच बसने वडिलांकडे. तो शब्द वकीलबाईंच्या अगदी जिभेवर आला होता. त्या उठून खिडकीपाशी गेल्या, खाली सायकलींकडे बघत राहिल्या आणि तो शब्द गिळून परत आल्या. चिमीने मला इतक्या जोरात काढले की मी कितीतरी वेळ हलत होते.

पुढच्याच आठवड्यात दादा आले. त्यांचे आणखीच निराळे. "बाई, ते घर चिमीच्या नावावर करून टाका. मला दुकानात बसू दिलं तरी बास. घरात कोणी कोणाशी बोलत नाहीये. बाबा दर गुरुवारी जिन्यात जाऊन बसतात."

"तुमच्या सांगण्यावरून मी त्यांच्या कागदात काही बदलू शकत नाही. मी त्यांची वकील आहे."

"मग माझी वकील कोण?"

"दुसरं कुणीतरी. हवी तर दोन नावं लिहून देते."

"कमाल आहे तुमची," दादा म्हणाले आणि गेले. बहीणभाऊ दोघेही भांडण मिटवायला आले होते आणि दोघेही रिकाम्या हाताने परत गेले. मलाच वाटले, आपण उडी मारून कोयंड्यातून निघावे आणि ओरडून सांगावे. पण मी कडी. माझे काम लागून राहण्याचे.

वकीलबाईंनी त्याच दुपारी काकांना पत्र टाकले : बोलायचे आहे, जमल्यास एकटे या. आणि खाली जाऊन एक दगडी पाटी विकत आणली.

काका आले. ते एकटेच आले आणि जिना चढून दमले होते. टेबलावर पाटी-पेन्सिल बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मला काय पहिलीत घालताय?"

वकीलबाईंनी पेन्सिल उचलली. त्या लिहू लागल्या. पाटी भरली की काका वाचत, त्या पुसत, पुन्हा लिहीत. कितीतरी वेळ खोलीत नुसती पेन्सिलीची किरकिर. त्यांनी काही लपवले नाही. कोणता प्रश्न बाहेर गेला, कोण उठून गेले, चूक कोणाची, सगळे लिहिले.

काकांनी पाटी खाली ठेवली. "म्हणजे माझी पोर तीन महिने ह्यासाठी आली नाही? मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं." मग ते रागावले. राग आला तरी आवाज हळूच. "माझं उत्तर तुम्हाला माहीत होतं. सांगून टाकायचंत तिला!"

वकीलबाईंनी लिहिले : 'तुम्हाला विचारल्याशिवाय नाही. ते तुमचे आहे.' आणि त्याखाली : 'माझ्यावरचा विश्वास उडाला असेल तर दुसऱ्या वकिलाकडे जा. कागद मी स्वतः नेऊन पोचवीन.'

काका ते बराच वेळ वाचत बसले. मग बोलता येत असूनही त्यांनी पेन्सिल घेतली आणि लिहिले : 'सगळ्यांना बोलवा.'

ते जायला उठले आणि त्यांनी मला स्वतःच्या हाताने काढले. त्यांची नखे माझ्या अंगावर घासली. लांब वाढलेली, कडांना चिरलेली, आत वाळलेली खळ. चुकलेले गुरुवार त्या नखांवरून मोजता आले असते.

पुढच्या गुरुवारी सगळे जमले. चिमी दारातच थबकली, वहिनींनी तोंड फिरवले. काकांनी वकीलबाईंकडे बघून शांतपणे बोट बाहेर दाखवले. "आज तुम्ही बाहेर."

आणि मित्रांनो, त्या दिवशी पहिल्यांदाच मी लागले ती वकीलबाई बाहेर असताना! त्या बाकावरही थांबल्या नाहीत. काही कानावर पडू नये म्हणून खाली सायकलच्या दुकानात जाऊन उभ्या राहिल्या. दुकानदाराचा आवाज खिडकीतून वर आला, "काय बाई, आज तुम्हालाच हाकललं वाटतं?"

आत काकांनी एका दमात सांगून टाकले. दुकान दादाला, वरच्या खोल्या चिमीला.

तुम्हाला वाटेल, झाले, सगळे गोड झाले. कुठले! वहिनींनी पाटी पुढे ओढली आणि लिहिले : 'मग आम्ही राहायचे कुठे?'

प्रश्न खरा होता. वरच्या खोल्यांत तेच तर राहत होते. आता मोठा भडका उडणार असे मला वाटले. पण पाटीवर भांडणे सोपे नसते. पाटी एकच आणि पेन्सिलही एकच. दुसऱ्याचे पुसल्याशिवाय आपले लिहिता येत नाही आणि पुसण्याआधी ते वाचावे लागते. दादांनी रागाने 'तुम्ही आधी' एवढे लिहिले आणि पुढे काय लिहायचे तेच विसरले. चिमीने तर वहिनींचे वाक्य दोनदा वाचले. मग पाटी पुसून लिहिले : 'मला खोल्या नको होत्या. मला वगळले असे वाटले.'

काकांनी ते डोळ्यांजवळ नेऊन वाचले. "तुला वगळून करू काय? ही बघ," आणि त्यांनी दोन्ही पंजे पुढे केले. "मांजराची झालीत नखं."

आधी हसल्या त्या वहिनी. मग चिमी रडली.

तरी त्या दिवशी सगळे मिटले असे नाही. दोन तास पाटी फिरत राहिली. शेवटी काका म्हणाले, "तुमचं सगळ्यांचं वाचलं. आता मी विचार करतो. पण ठरवणार मी. तुम्ही नाही."

पंधरा दिवसांनी ते परत आले, एकटेच. वकीलबाईंनी मला लावले आणि जसे काही झालेच नाही अशा रीतीने पहिल्यापासून सुरुवात केली. आज वार कोणता? तुमची माणसे कोण? मुलीला काहीच नाही का? मुलाला काहीच नाही का? सगळे पाटीवर. आणि शेवटी एक नवा प्रश्न : 'हे तुमच्या मनातले की त्यांच्या?'

"त्यांचं ऐकलं," काका म्हणाले. "पण मन माझंच आहे, बाई. लिहा."

सायकलवाला आणि कोपऱ्यावरचा औषधवाला साक्षीला आले. आत काय लिहिले आहे ते त्यांना सांगितले नाही. काकांनी त्या दोघांसमोर सही केली आणि मग त्या दोघांनी काकांसमोर. काय लिहिले होते ते मी तुम्हालाही सांगणार नाही. एवढेच सांगते की जाताना काकांनी मला काढले, तेव्हा त्यांची बोटे मऊ होती आणि नखे छान गोल कापलेली.

बाइंडरकाका त्यानंतर चार वर्षांनी गेले. मृत्युपत्र आमच्याच खोलीत वाचले गेले. वाचताना कोणी मध्येच उठले नाही, कोणाला नवलही वाटले नाही. वाचून झाल्यावर चिमी मागे थांबली. "तेव्हा एक शब्द बोलला असतात, तर माझे तीन महिने वाचले असते," ती म्हणाली. वकीलबाई म्हणाल्या, "हो. वाचले असते."

दादांनी दुकान पुष्कळ वर्षे चालवले. हात वडिलांसारखा नव्हता, पण दुकान बंद पडू दिले नाही. वहिनींचे गुडघे दुखू लागले, तेव्हा चिमी गुरुवारी त्यांच्यासाठी तेल घेऊन जाई. दोघींचे टोमणे मात्र शेवटपर्यंत चालू राहिले, असे मी ऐकले. सायकलवाल्याने दुकान विकले. पाटी एका हिवाळ्यात टेबलावरून पडून फुटली, तेव्हा वकीलबाईंनी दुसरी आणली. ऐकू येणारे असोत की न येणारे, नाजूक प्रश्न त्या पुढे सगळ्यांनाच पाटीवर विचारू लागल्या.

आणि एका सकाळी जिन्यावर सावकाश पावले वाजली. पांढरे केस, हातात काठी. चिमी! बरोबर मुलगा आणि मुलगी. तिने दोघांना बाकाकडे बोट दाखवले आणि ती आत आली. वकीलबाई आता तिच्याहून म्हाताऱ्या दिसत होत्या.

"शहरात इतके वकील आहेत. माझ्याकडे कशा?" त्यांनी विचारले.

"तुम्ही मला तेव्हा एक शब्दही सांगितला नाहीत ना," चिमी म्हणाली, "म्हणूनच."

त्यानंतर वकीलबाईंनी काम थांबवले. चिमीही पुढे गेली, वकीलबाईही गेल्या. नव्या लोकांनी कचेरीला काचेची दारे बसवली, आपोआप लागणारी. त्याआधी कोणीतरी दाराबरोबर मलाही रंग फासला होता, त्यामुळे कितीतरी दिवस मला हलताच आले नव्हते. दार मोडीत निघाले. कोयंडा चौकटीबरोबर कुठे गेला, मला ठाऊक नाही. जाताना काही बोललाही नाही, घुम्या तो. मी आता जुन्या सामानाच्या दुकानात एका टोपलीत, किल्ली हरवलेल्या कुलपांच्या शेजारी पडून आहे.

मित्रांनो, माझी एक विनंती आहे. जुन्या कड्यांवर रंग फासू नका, थेंबभर तेल घाला, त्या अजून कितीतरी वर्षे चालतात. आणि तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला काय हवे आहे हे जाणून घ्यायचे असेल, तर दारामागून अर्धे ऐकून उठून जाऊ नका. त्याच्यासमोर बसा, त्यालाच विचारा आणि उत्तर यायला वेळ लागला तरी थांबा.

कधीकधी ते फार हळू बोलतात हो.